खंड्या परत येतो तेव्हा

कळंबा तलावाच्या काठावर पहाटे ट्रायपॉड लावून बसले, की पहिला अर्धा तास बहुधा रिकामा जातो. पाण्यातल्या ठरावीक काठीवर बसणारा छोटा खंड्या माणसाची चाहूल लागताच तीक्ष्ण शीळ घालत पाण्यालगत निघून जातो. नवखा छायाचित्रकार अशा वेळी जागा बदलतो आणि तिथेच चुकतो, कारण त्याच्या प्रत्येक हालचालीबरोबर पक्ष्याच्या लेखी धोका नव्याने सुरू होतो.

आपण जवळ गेल्यावर प्राणी ज्या अंतरावरून पळ काढतो, त्याला पलायन-अंतर म्हणतात. ते कायमचे ठरलेले नसते. पळण्यात शक्ती खर्च होते, शिकारीची वेळही हातची जाते. म्हणून एखादी गोष्ट वारंवार समोर येऊनही इजा करत नसेल, तर मज्जासंस्था तिला प्रतिसाद देणे हळूहळू कमी करते. सरावणे हा शिकण्याचा अगदी साधा प्रकार आहे. समुद्री गोगलगायीतही तो दिसतो, आणि त्या गोगलगायीच्या चेतापेशींवर काम करणाऱ्या एरिक कँडेल यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. खंड्या त्याच काठीवर परततो तो या सरावामुळे.

दुसरी अडचण आपल्या शरीराची आहे. डोळ्यांनी पाहून बोटाने बटण दाबेपर्यंत माणसाला सुमारे पाव सेकंद लागतो, आणि तेवढ्यात खंड्याने काठी सोडलेली असते. सूर मारण्याआधी तो मान वर-खाली करून खाली टक लावतो. ही खूण ओळखता येण्यासाठी फसलेले दहा-वीस सूर आधी शांतपणे पाहावे लागतात. माझ्या मते खरे छायाचित्रण या फसलेल्या सकाळींतच घडते.

दाजीपूरच्या जंगलात गव्यासमोर मात्र नुसते स्थिर बसून भागत नाही. गव्याचे नाक फार तिखट असते. वारा आपल्याकडून त्याच्याकडे वाहत असेल, तर आपण तासभर न हलताही कळप झाडीत दिसेनासा होतो.

थांबणे नेहमीच निरुपद्रवी असते, असेही नाही. खंड्या काठाच्या मातीत बीळ खणून अंडी घालतो. स्वतः खायचा मासा तो डोके घशाकडे करून धरतो, तर पिलांसाठी किंवा मादीसाठी नेताना माशाचे डोके चोचीबाहेर असते. तसा मासा धरून तो काठीवर ताटकळत असेल, तर आपण बिळाच्या फार जवळ बसलो आहोत असे समजावे आणि कॅमेरा आवरून मुकाट्याने उठावे.