अपेक्षेचा धागा : मानसशास्त्राची एक उजळणी

गोव्यात अकरावी-बारावीला किंवा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला मानसशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेच्या तोंडावर संशोधन पद्धती, अध्ययन आणि स्मृती ही तीन प्रकरणे एकमेकांशी संबंध नसलेल्या व्याख्यांची वाटतात. माझ्या मते या तिन्हींतून एकच प्रश्न वाहतो : आपल्या अनुभवात बाहेरून आलेले किती असते आणि आपल्याच अपेक्षेने त्यात घातलेले किती? हा प्रश्न धीटपणे हाताळणाऱ्या आरंभीच्या विचारवंतांत कांदोळीत 1756 साली जन्मलेले, संमोहनाचा अभ्यास करणारे धर्मगुरू आबे फारिया होते, याचा गोमंतकीय विद्यार्थ्याला अभिमान वाटावा आणि उजळणीला त्याचा उपयोगही व्हावा.

फारियांच्या काळात पॅरिसमध्ये फ्रान्झ मेस्मर यांच्या ‘प्राणिचुंबकत्वा’चा मोठा बोलबाला होता. शरीरातून वाहणारा एक अदृश्य द्रव वळवून रोग बरे करता येतात, असा मेस्मर यांचा दावा होता आणि उपचार घेताना रुग्णांना खरोखरच झटके येत, ते मूर्च्छितही पडत. 1784 मध्ये फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या आयोगाने, ज्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते, या दाव्याची परीक्षा घेतली. बागेतल्या एकाच जर्दाळूच्या झाडाला ‘चुंबकत्व’ देण्यात आले आणि या उपचाराला चटकन प्रतिसाद देणाऱ्या एका बारा वर्षांच्या मुलाला डोळे बांधून दुसऱ्याच झाडांकडे नेण्यात आले. चुंबकत्व न दिलेल्या चौथ्या झाडापाशी तो मूर्च्छित पडला. संशोधन पद्धतीचे अर्धे प्रकरण या एका प्रयोगात सामावले आहे. झाडाला चुंबकत्व दिले की नाही, हा स्वतंत्र चल, म्हणजे प्रयोगकर्ता बदलतो तो घटक. मुलाची मूर्च्छा हा आश्रित चल, म्हणजे ज्यावरचा परिणाम पाहायचा तो घटक. आणि मुलाच्या मनातली अपेक्षा हा असा बाह्य, म्हणजे नको असताना निकालात शिरणारा चल, की तो डोळ्यांवरच्या पट्टीने नियंत्रणात आणला नसता तर निष्कर्ष साफ उलटा निघाला असता.

द्रव नाही, सारा कल्पनेचा खेळ आहे, एवढे सांगून आयोग थांबला. फारियांनी 1813 पासून पॅरिसमध्ये दिलेल्या जाहीर व्याख्यानांत पुढचे पाऊल टाकले. ते समोरच्याला शांत बसवून मन एकाग्र करायला लावत आणि मग ‘झोपा’ अशी आज्ञा देत. या निद्रेचे कारण निजवणाऱ्याच्या हातात नसून निजणाऱ्याच्या मनात आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. पणजीत आदिलशहाच्या राजवाड्याशेजारी 1945 पासून उभा असलेला, रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला पुतळा पाहताना नजर फारियांच्या पसरलेल्या हातांवर खिळते. त्यांचा सिद्धांत मात्र आपल्याला त्याच शिल्पातल्या, त्यांच्यासमोर निद्रेत जाणाऱ्या स्त्रीकडे पाहायला सांगतो. काही जणच लवकर का निजतात, याचे रक्ताच्या पातळपणाशी जोडलेले त्यांचे स्पष्टीकरण पुढे टिकले नाही, पण मूळ सूत्र टिकले.

अपेक्षेचा परिणाम म्हणजे नुसता भास, असेही समजू नये. 1978 मध्ये लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी दाढ काढलेल्या रुग्णांवर केलेल्या अभ्यासात असे आढळले की, औषधी द्रव्य नसलेल्या प्लासिबोने कमी झालेली वेदना नॅलॉक्सोन दिल्यावर पुन्हा वाढते. नॅलॉक्सोन शरीरातल्या नैसर्गिक वेदनाशामकांचे काम रोखते. म्हणजेच अपेक्षेने शरीरात खरोखर काहीतरी घडवलेले असते.

अध्ययनाचे प्रकरण इथून सोपे होते. पहाटे पोदेराचा, म्हणजे पाव विकणाऱ्याचा, भोंपू ऐकताच गरम पावाच्या आठवणीने तोंडाला पाणी सुटते, हे पावलोव्ह यांचे अभिजात अभिसंधान, म्हणजे दोन गोष्टींची सांगड बसून होणारे अध्ययन. पाव हा अनभिसंधित, म्हणजे आपोआप प्रतिसाद घडवणारा उद्दीपक, तर भोंपू हा अभिसंधित, म्हणजे सांगडीमुळे तो घडवू लागलेला. भोंपू वाजत राहिला आणि पाव मात्र मिळेनासा झाला, तर प्रतिसाद हळूहळू मावळतो, त्याला विलोपन म्हणतात. मात्र दोन गोष्टी एकत्र आल्या की झाले, ही समजूत अपुरी आहे. रॉबर्ट रेस्कोर्ला यांनी 1968 मध्ये उंदरांवर दाखवले की, ध्वनी नसतानाही विजेचा धक्का बसण्याची शक्यता तेवढीच असेल, तर त्या ध्वनीची भीती निर्माण होत नाही. उद्दीपकाने पुढचे काही भाकीत करायला हवे.

स्मृतीतही तेच. लॉफ्टस आणि पामर यांनी 1974 मध्ये 150 विद्यार्थ्यांना मोटार अपघाताची चित्रफीत दाखवली. गाड्या एकमेकींवर ‘आदळल्या’ तेव्हा वेग किती होता, असे 50 जणांना विचारले. दुसऱ्या 50 जणांना ‘धडकल्या’ असा सौम्य शब्द वापरून विचारले. उरलेल्यांना वेगाबद्दल विचारलेच नाही. आठवड्यानंतर, फुटलेली काच पाहिली का, या प्रश्नाला पहिल्या गटातल्या 16, दुसऱ्यातल्या 7 आणि तिसऱ्यातल्या 6 जणांनी होकार दिला. चित्रफितीत फुटलेली काच नव्हतीच. आठवण साठवणीतून जशीच्या तशी बाहेर येत नाही, ती दर वेळी नव्याने रचली जाते, आणि एका क्रियापदाची सूचना त्या रचनेत शिरू शकते.

उजळणी करतानाही विद्यार्थ्याची स्वतःबद्दलची अपेक्षा अशीच फसवते. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिक यांच्या प्रयोगात, उतारा पुन्हा वाचलेल्यांना आठवड्यानंतर सुमारे 42 टक्के मजकूर आठवला, तर एकदा वाचून मग तो न पाहता लिहून काढलेल्यांना सुमारे 56 टक्के. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत मात्र पुन्हा वाचणारेच पुढे होते, आणि वारंवार वाचणाऱ्यांना आपल्याला अधिक आठवेल असा विश्वासही वाटत होता. म्हणून विलोपनाची व्याख्या तिसऱ्यांदा वाचण्यापेक्षा वही मिटावी, ती उदाहरणासह कोऱ्या कागदावर लिहावी आणि मगच पुस्तकाशी ताडून पाहावी.