'सीड' : मुलूख तोडून देण्याचे क्रियापद

२१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला होळकरांचा पराभव झाला आणि ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसौरचा तह. गादीवर दुसरे मल्हारराव होते, वय जेमतेम अकरा. सेंधव्याच्या किल्ल्यासह सातपुड्यातला आणि त्याच्या दक्षिणेचा मुलूख, खानदेश, राजपूत संस्थानांच्या खंडणीवरचा हक्क, हे सगळे कंपनीकडे गेले. या देण्याला तहाच्या इंग्रजीत 'सीड' म्हटले आहे. स्पेलिंग सी-ई-डी-ई.

आपल्या जुन्या कागदांत याला नेमका शब्द आहे: तोडून देणे. शब्दकोश नुसते 'सोडणे' किंवा 'शरण जाणे' देतात, आणि तिथेच घोटाळा होतो. शरण गेलेला सगळाच दुसऱ्याच्या हाती जातो; तोडून देणारा लेखी करार करून एक भाग देतो आणि उरलेल्याचा धनी राहतो. मंदसौरनंतर होळकरांचे राज्य उरले आणि राजधानी इंदूरला आली, ती याच अर्थाने.

मूळ लॅटिन 'केदेरे', म्हणजे जाणे, वाट सोडणे. इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकात आला.

वापरताना दोन गोष्टी सांगाव्या लागतात: काय दिले आणि 'टू' लावून कोणाला. दिलेली गोष्ट प्रदेश, हक्क, ताबा किंवा अधिकार अशी हवी. पिशवी किंवा पेन 'सीड' होत नाही. दबावाला नमण्यासाठीही हा शब्द चालत नाही, तिथे 'यील्ड' हवे. विमाधंद्यात मात्र तो रोजचा आहे: जोखमीचा वाटा पुनर्विमा कंपनीकडे सोपवणारी ती 'सीडिंग' कंपनी. नाम 'सेशन', सी-ई-डबल एस. बैठकीच्या 'सेशन'सारखेच ऐकू येते, म्हणून स्पेलिंग हमखास चुकते.

याच धातूचे कन्सीड, रिसीड, प्रिसीड, सिसीड हे सगळे शेवटी सी-ई-डी-ई घेतात. डबल ई फक्त तिघांत: एक्सीड, प्रोसीड, सक्सीड. 'सुपरसीड'मध्ये मात्र एस, कारण त्याचे मूळ 'बसणे' या वेगळ्या लॅटिन धातूत आहे.

'अक्सीड'ची दिशा उलटी: वाट सोडणे नव्हे, जवळ जाणे, होकार देणे. होळकर संस्थान १९४७ मध्ये भारतात आले ते ज्या दस्ताने, त्या सामीलनाम्याच्या इंग्रजी नावातले 'अक्सेशन' यातूनच आले आहे.