धरलेला नट

पाचोडच्या बाजारात मोसंबी उतरवून आम्ही गेवराईकडं परत निघालो आणि पिकअपच्या पुढच्या डाव्या चाकातून घरघर यायला लागली. बेअरिंग गेलं होतं. हायवेच्या कडेला एक पत्र्याचं गॅरेज आहे, तिथं गाडी लावली. बेअरिंग बदलायचं तर हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला भाग, काढावा लागतो, आणि हब काढायचा तर त्याच्या मधोमध, एक्सलच्या टोकावर बसलेला मोठा नट आधी सुटायला हवा. चुलतभावाला धीर नव्हता. त्यानं स्वतःच गोटी, म्हणजे नटावर बसणारा गोल पाना, लावली, दांड्याला मीटरभर पाईप जोडला आणि अंगाचा सगळा भार टाकून लोंबकळला. नट तसूभर हलला नाही. गोटी मात्र कोपऱ्यावरून अर्धी घसरली.

"उतर खाली," गॅरेजवाले चाचा म्हणाले. त्यांनी नटाकडं पाहायच्या आधी नंबरप्लेट वाचली. "एमएच ०८. रत्नागिरीची गाडी हाय की ही. जोर कशाला लावायलास? आधी त्याला तेल पाज. आज काही निघत नसतो हा."

मी भौतिकशास्त्र शिकवतो. चाचांनी पुढच्या दीड दिवसात जे जे केलं, त्यातली एकही गोष्ट उगाच नव्हती. ती का केली, हे सांगावंसं वाटतं, कारण जाम नटावर जोर काढून एक्सल खराब करून घेणारे आपल्याकडं फार आहेत.

भाऊ साधारण ७० किलोचा. मीटरभर लांब पाईपच्या टोकाला तेवढं वजन म्हणजे जवळपास ७०० न्यूटन-मीटरचा पीळ, ज्याला आपण टॉर्क म्हणतो. असा नट बसवताना साधारण २०० ते ३०० न्यूटन-मीटरनं आवळतात. म्हणजे बसवताना लागला त्याच्या दुपटीहून जास्त पीळ देऊनही तो सुटेना. मग त्याला धरून कोण बसलं होतं?

नट आवळला की आट्यांवरून सरकत तो एक्सलच्या टोकाला किंचित ताणतो. पोलाद रबरासारखं दिसत नाही, पण ताणलं की ताणतं आणि मागं यायला बघतं. त्या ओढीनं हब आणि बेअरिंग घट्ट दाबलं जातं. गंमत अशी की आवळताना आपण लावलेल्या पिळातला फार थोडा भाग या ताणासाठी कामी येतो. ढोबळमानानं शंभरातला नव्वद भाग घर्षणातच जातो, निम्मा नटाच्या बुडाखाली आणि बाकीचा आट्यांत. हे घर्षण वाया जात नाही. आट्यांचा उतार इतका कमी ठेवलेला असतो की घर्षण असेपर्यंत नट आपणहून मागं फिरू शकत नाही. खड्ड्याखुड्ड्यांतून चाक निसटत नाही ते यामुळंच.

नव्या गाडीत हिशेब इथंच संपतो. जुन्या गाडीत गंज येऊन बसतो.

लोखंड, हवेतला ऑक्सिजन आणि पाणी एकत्र आलं की गंज होतो हे शाळेत शिकलेलं असतं. नटाच्या बाबतीत महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. गंज हा मूळ लोखंडाहून जास्त जागा घेतो. कोरडा आयर्न ऑक्साइड धरला तरी दुपटीहून थोडी जास्त, आणि पाणी धरून बसलेला गंज त्याहूनही जास्त. काळ्या रानाची ढेकळं पावसात फुगतात तसंच. जुन्या घराच्या स्लॅबमधली सळई गंजली की खालचं प्लास्टर फुगून पडतं, तेही याच कारणानं. स्लॅबला निदान फुटायला जागा असते. आट्यांमध्ये नट आणि एक्सल यांच्यात केसाएवढी फट, तिथं गंज फुगला की त्याला जायला जागा नाही. तो दोन्ही बाजूंना दाबतो, आणि दाब वाढला की घर्षण वाढतं. खरं तर नट जितका गंजानं चिकटतो, त्याहून जास्त तो गंजाच्या पाचरीनं आवळला जातो.

चाचांनी नंबरप्लेट का वाचली ते इथं कळतं. कोकणात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस, आमच्या बीडकडं त्याच्या पाव हिश्श्याच्या आसपास. त्यात समुद्राची खारी हवा. मिठातला क्लोराइड पोलादावरच्या ऑक्साइडच्या पातळ थराला भोकं पाडतो आणि ओलाव्यातून वीज वाहणं सोपं करतो. गंज ही शेवटी विद्युत-रासायनिक क्रिया आहे, तिला याहून चांगलं खाद्य नाही. पण सगळा दोष कोकणाला देऊ नका. आपण ज्या गाडीतून लाल पोटॅशच्या गोण्या आणतो, ते पोटॅशही पोटॅशियम क्लोराइडच असतं. गोणी फुटली, पूड खाली सांडली, वर काळ्या मातीचा चिखल बसला आणि तो दिवसेंदिवस ओल धरून राहिला, तर गेवराईतही हबजवळ छोटं कोकण तयार होतं. खत वाहून आणल्यावर गाडी खालून धुवा, हे मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगतो.

चाचांनी तारेच्या ब्रशनं नट घासला आणि भावाला बोट लावून दाखवलं. नटाची वरची पातळ कड एका जागी एक्सलच्या खाचेत ठोकून दाबलेली होती. नट आपोआप फिरू नये म्हणून कारखान्यातच तशी दाबतात. काही गाड्यांत तिथं कॉटर पिन, म्हणजे आरपार घालून वाकवलेली तारेची पिन, असते. ही कड उचललीच नव्हती, आणि आम्ही पाईपला लोंबकळत होतो. बारीक छिन्नीनं त्यांनी ती हळूहळू वर उचलली. मग उघड्या आट्यांवर नख फिरवून ते कोणत्या बाजूला चढतात ते पाहिलं. काही जुन्या गाड्यांत डाव्या बाजूला उलटे आटे असतात. तिथं नेहमीच्या दिशेनं जोर लावला तर आपण नट सोडवत नसतो, आवळत असतो. या गाडीचे आटे सरळ होते.

मग तेल. त्यांच्याकडं फवाऱ्याचा डबाही होता आणि बाटलीत डिझेलही. फवाऱ्यांतलं सगळ्यांना माहीत असलेलं नाव डब्ल्यूडी-४०. ते १९५३ साली अमेरिकेत पाणी हटवून गंज रोखण्यासाठी तयार झालं, आणि चाळिसाव्या प्रयत्नात जमलं म्हणून नावात ४०. गंजलेल्या आट्यांत खोल शिरायला खास त्यासाठी बनवलेलं तेल जास्त बरं. अशा तेलात दोन गुण लागतात, ते पातळ हवं आणि धातूवर सहज पसरणारं हवं. समईतली वात तेल वर ओढते ते कापसाच्या तंतूंमधल्या बारीक फटींमुळं, आणि फट जितकी बारीक तितकी ओढ जास्त. आट्यांमध्येही हेच घडतं. गंज दगडासारखा घट्ट नसतो, सच्छिद्र असतो, म्हणून तेलाला वाट मिळते. पण बारीक फटीत ओढ जास्त असली तरी वेग कमी असतो. चिकटपणा तेलाला अडवतो. म्हणूनच "आज निघत नसतो" हे चाचांचं म्हणणं अगदी मोजून केलेलं होतं. रात्रीतून त्यांच्या पोरानं तीनदा तेल सोडलं, आणि दर वेळी नटाच्या सहाही बाजूंना हातोडीनं टकटक केलं. ठोक्यानं ठिसूळ गंजाला तडे जातात, आणि प्रत्येक तडा तेलाला नवी फट देतो.

सकाळी नट अजून घट्टच होता. आता गॅसची ज्योत.

माझ्या आजोबांच्या वेळी गावात बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवायची तर लोहार गोवऱ्यांचं कडं रचून ती लाल करायचा. १२० सेंटिमीटर व्यासाची धाव ५०० अंशांनी तापली तर तिचा घेर सव्वादोन सेंटिमीटरनं वाढतो. तेवढ्यात ती लाकडावर चढवायची आणि पाणी मारायचं, की आकसून ती चाकाला आवळून धरते. चाचा हेच उलटं करत होते. पोलाद दर अंशाला लांबीच्या दशलक्षात १२ भाग वाढतं. २४ मिलिमीटर व्यासाचा नट आतल्या एक्सलहून २५० अंशांनी जास्त तापला, तर त्याचं भोक ०.०७ मिलिमीटरनं मोठं होतं. डोक्याच्या केसाएवढं. गंजाचा थर फोडायला तेवढं पुरतं.

खरं कसब त्या 'एक्सलहून जास्त' या शब्दांत आहे. दोन्ही सारखे तापले तर दोन्ही फुगतात आणि हाती काही लागत नाही. म्हणून ज्योत मोठी, फक्त नटावर, आणि थोडा वेळ. चाचांनी आधी चाक काढून बाजूला ठेवलं होतं, कारण टायरसकट चाकाला आच लागली तर आतली हवा आणि रबर तापून टायर स्फोटासारखा फुटू शकतो. यात माणसं गेली आहेत. सांडलेलं तेलही त्यांनी पुसून घेतलं होतं. बेअरिंग टाकायचंच होतं म्हणून आच चालली. चांगलं बेअरिंग ठेवायचं असेल तर ज्योत जवळ नेऊ नये, दोनशे अंशांच्या पुढं त्याच्या पोलादाची कठीणता जाऊ लागते आणि सील त्याआधीच जळतं.

शेवटी इम्पॅक्ट गन, म्हणजे ठोके देत नट फिरवणारं यंत्र. भावाचा पाईप आणि ही गन यांत फरक काय? पाईपनं पीळ सावकाश चढतो. त्या पिळानं एक्सल, दांडा, गोटी सगळंच थोडं थोडं वळतं, आणि गंजाला नुसता दाब जाणवतो. गनच्या आतला हातोडा क्षणभरात ठोका देतो. ठोका इतका छोटा असतो की बाकीच्या लवचीक भागांना वळायला वेळच मिळत नाही, बराचसा धक्का आट्यांत जातो. शिवाय प्रत्येक ठोक्याला एक कण जरी सरकला, तरी स्थिर घर्षणाच्या जागी सरकतं घर्षण येतं, आणि ते कमी असतं. चाचांनी गन आधी क्षणभर आवळायच्या दिशेनं चालवली, मग उलट. आवळताना हलला तरी गंज तुटतोच.

तिसऱ्या वेळी कट्ट आवाज आला. नट पाव फेरा फिरला. त्यांनी लगेच थांबून पुन्हा तेल सोडलं, अर्धा फेरा मागं, पाव पुढं, असं करत गेले. सरळ काढला असता तर सुटलेला गंज आट्यांत भरून पुन्हा धरला असता, कदाचित आटेही घेऊन गेला असता. नाहीच निघाला तर त्यांच्याकडं शेवटचा उपाय तयार होता. नटाची एक बाजू ग्राइंडरनं आट्यांपर्यंत येऊ न देता कापायची आणि छिन्नीनं उघडायची. नट शंभर-दोनशेचा, एक्सल हजारोंचा.

हातात आलेल्या नटाचे आतले आटे विटकरी रंगाचे, पण एका बाजूला ओल्या तेलाची काळी रेघ अगदी तळापर्यंत गेलेली. ती रेघ म्हणजे रात्रभरातला वातीचा प्रवास.

नवा नट आला. भावानं पुन्हा जाम नको म्हणून आट्यांवर ग्रीस थापायला घेतलं आणि चाचांनी त्याचा हात धरला. ग्रीसनं घर्षण उतरतं. शंभरातले नव्वद घर्षणात जात होते ते ऐंशीवर आले, तर ताणासाठी दहाच्या जागी वीस उरतात. पाना तोच, पीळ तोच, पण एक्सलवर ताण दुप्पट आणि बेअरिंगवर दाब दुप्पट. आटे कोरडे ठेवायचे की तेलकट, हे त्या गाडीच्या पुस्तकात जसं दिलं असेल तसंच करायचं. त्यांनी आटे ब्रशनं साफ केले, नट टॉर्क पान्यानं, म्हणजे किती पीळ दिला ते मोजणाऱ्या पान्यानं, आवळला, नवी कड खाचेत ठोकली आणि ग्रीस लावलं ते फक्त बाहेरच्या टोपणाच्या कडेला, पाणी आत जाऊ नये म्हणून. दुपारी मोसंबीची दुसरी खेप निघाली तेव्हा चाक गप्प होतं.