मागाहून बसवलेलं धूरनियंत्रण आणि क्लासिक गाड्यांची जुनी अढी

कार्ब्युरेटरवर (हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या यंत्रणेवर) धावणाऱ्या क्लासिक गाडीला ऑक्सिजन सेन्सर, छोटा ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) आणि धुरातले घातक वायू मारणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवणं आज जाणत्या मेकॅनिकला अवघड राहिलेलं नाही. तरीही 'रेट्रोफिट', म्हणजे मागाहून बसवणं, म्हटलं की जुन्या गाडीवाल्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. त्या आठ्यांचं मूळ १९७० च्या दशकातल्या कॅलिफोर्नियात आहे.

त्याआधीचं थोडक्यात. लॉस एंजेलिसवरच्या धुरक्याशी गाड्यांचा संबंध १९५० च्या दशकात जोडला गेला. १९६१ च्या मॉडेलांपासून तिथल्या नव्या गाड्यांत पीसीव्ही व्हॉल्व्ह आला. इंजिनाच्या तळाकडच्या पेटीतली (क्रँककेसमधली) वाफ बाहेर न सोडता तो परत इंजिनात ओढतो. १९६६ पासून एक्झॉस्टमधल्या हायड्रोकार्बन आणि कार्बन मोनॉक्साइडवर तिथे मर्यादा आल्या. कंपन्यांनी मिश्रण पातळ केलं (हवा जास्त, पेट्रोल कमी), ठिणगीचं टायमिंग बदललं, काहींनी एक्झॉस्टमध्ये हवा ढकलणारे पंप लावले. दोन्ही आकडे खाली आले. पण पातळ मिश्रण जास्त तापून जळतं आणि त्या उष्णतेत हवेतलाच नायट्रोजन ऑक्सिजनशी जुळतो. म्हणजे नायट्रोजन ऑक्साइड वाढले, आणि धुरकं बनायला उन्हाबरोबर नेमके तेच लागतात. त्यांच्यावरची मर्यादा आली १९७१ च्या मॉडेलांपासून. मधल्या पाच वर्षांच्या, १९६६ ते १९७० च्या गाड्या एका अंगाने धुतलेल्या आणि दुसऱ्या अंगाने जास्त मळलेल्या, अशा रस्त्यावर होत्या.

१९७३ च्या सुमारास ठरलं की याच गाड्यांना मागाहून उपकरण बसवायचं. मान्यता मिळालेल्या उपकरणांतला एक मोठा प्रकार होता डिस्ट्रिब्यूटरचा (सिलिंडरांना ठिणगी वाटणाऱ्या भागाचा) व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स तोडणारा.

हा अ‍ॅडव्हान्स नेमकं काय करतो ते पाहिल्याशिवाय पुढचा राग कळत नाही. डिस्ट्रिब्यूटरच्या कुशीला पत्र्याची एक चपटी डबी असते. तिच्यात रबरी पडदा, आणि तिच्यापासून कार्ब्युरेटरकडे जाणारी करंगळीपेक्षा बारीक नळी. सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगात, पाय जेमतेम टेकवून गाडी चाललेली असते, तेव्हा सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोल कमी भरतं आणि ते सावकाश जळतं. म्हणून ठिणगी आधी पडावी लागते. नळीतल्या ओढीने पडदा खेचला जातो, आतली प्लेट थोडी फिरते आणि ठिणगी आधी पडते. गाडीचं मायलेज बऱ्याच अंशी या डबीच्या जिवावर असतं.

उपकरण ही नळीच बंद करायचं. ठिणगी उशिरा पडली की ज्वलनाचं कमाल तापमान उतरतं, नायट्रोजन ऑक्साइड घटतात. कागदावर चोख. पण उशिरा जळणारं पेट्रोल आपली उष्णता पिस्टनला ढकलण्याऐवजी एक्झॉस्टमध्ये आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात ओततं. इंजिन तापतं, पेट्रोल जास्त लागतं. तापण्याची कल्पना रचणाऱ्यांनाही होती. म्हणून पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे तापलं की नळी पुन्हा उघडणारा थर्मल स्विच जोडलेला असे. म्हणजे उपकरणाबरोबरच त्याच्यावरचा उतारा बसवायचा! आणि १९७३ च्या शेवटी तर तेलटंचाई आली. एकीकडे पेट्रोल वाचवा म्हणायचं आणि दुसरीकडे पेट्रोल वाचवणारी डबी बंद करायची.

वर्षानुवर्षं सुरळीत चाललेल्या गाडीची चाल बिघडवायची हा हुकूम मालकांच्या पचनी पडणं शक्यच नव्हतं. उपकरण काढून नळी परत जोडायला दोन मिनिटं पुरत. विरोध इतका झाला की काही वर्षांतच ती सक्ती बरीचशी मागे घ्यावी लागली. हवा मोजणाऱ्यांची बाजूही खरी होती: त्या पाच वर्षांच्या गाड्या असंख्य होत्या आणि त्यांच्यासाठी स्वस्त असा दुसरा मार्ग हाताशी नव्हता. पण माझ्या मते तिथे गमावलेला विश्वास नंतर कधी भरून आला नाही. मागाहून लावलेलं म्हणजे गळा आवळणारं, हे समीकरण पक्कं झालं.

१९७५ च्या मॉडेलांपासून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. शिशामुळे त्यातला प्लॅटिनमचा थर निकामी होतो, म्हणून शिसेविरहित पेट्रोल आलं. जुन्या इंजिनांत मात्र तेच शिसं एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीला झिजण्यापासून वाचवत होतं. म्हणजे जुन्या गाडीला कन्व्हर्टर लावायचा तर आधी इंजिनाचं हेड उतरवून व्हॉल्व्हच्या कडक बैठकी बसवणं आलं.

मग 'कॅटॅलिटिक' या शब्दाचाच गोंधळ. १९७७ च्या मॉडेलांपासून एक्झॉस्टमधला ऑक्सिजन जोखणारा लॅम्डा सेन्सर उत्पादनातल्या गाडीत आला. हायड्रोकार्बन, कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजन ऑक्साइड ही तीनही प्रदूषकं एकदम मारायची तर हवा-पेट्रोलचं प्रमाण १४.७ ला १ च्या अगदी जवळ लागतं आणि साधा कार्ब्युरेटर ते धरून ठेवू शकत नाही. १९८० च्या दशकात पश्चिम जर्मनीत करसवलतीमुळे रेट्रोफिटची लाट आली, तेव्हा दोन जाती विकल्या गेल्या: सेन्सरचं ऐकणारा 'नियंत्रित' आणि नुसताच पाइपात बसवलेला 'अनियंत्रित'. दुसऱ्याने प्रदूषण साधारण निम्म्यावर येई, पहिल्याने दहाव्या हिश्शापर्यंत. बोलण्यात दोन्ही 'कॅट'च. पुढे १९९७ मध्ये तिथे ३० वर्षांवरच्या जतन केलेल्या गाड्यांना वेगळी नंबर प्लेट मिळाली आणि २००८ पासूनच्या कमी-प्रदूषण क्षेत्रांत त्या प्लेटला शिरायची मुभा आहे. नियंत्रित कन्व्हर्टर बसवून या क्षेत्रांत शिरण्याचा हिरवा स्टिकर मिळवणारा आणि काहीही न बसवता गाडी तिशीपर्यंत सांभाळणारा, दोघं एकाच रस्त्यावर पोहोचले. ब्रिटनमध्ये सवलतीची हीच वयाची रेषा ४० वर्षांची आहे.

कॅलिफोर्नियात धूरतपासणीतून सुटण्याची रेषा सरकती होती, ३० वर्षांची. २००४ च्या कायद्याने ती गोठवली: १९७५ पर्यंतची मॉडेलं तपासणीतून सुटली, १९७६ पासूनची कायमची अडकली. ती सैल करण्याचा एक प्रयत्न २०२५ मध्ये फसला. तिथली तपासणी पाइपातल्या आकड्यांवर संपत नाही, बॉनेट उघडूनही पाहतात. १९७९ च्या गाडीचा थकलेला कार्ब्युरेटर काढून सेन्सरवाली इंजेक्शन किट बसवली आणि पाइपातले आकडे निम्म्याने उतरले, तरी किटवर मान्यतेचा क्रमांक नसेल तर गाडी नापास. मूळच्या नळ्या आणि मूळचा हवेचा पंप जागच्या जागी असलेली शेजारची गाडी मर्यादेला जेमतेम टेकून पास होते.