दंगल कुठे पेटत नाही?

आफ्रिकेतील मालावी आणि झांबिया या शेजारी देशांच्या सीमेवर चेवा आणि टुंबुका नावाच्या दोन जमाती राहतात. सीमेच्या अलीकडे त्याच आणि पलीकडेही त्याच. ही सीमा १८९१ साली ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनीने कारभाराच्या सोयीसाठी आखली. कोणती जमात कोणत्या बाजूला पडेल, याचा विचार तिने केला नव्हता. राज्यशास्त्रज्ञ डॅनिएल पोस्नर यांनी या सीमेलगतच्या चार गावांत, म्हणजे दोन्ही देशांतील प्रत्येकी एका चेवा आणि एका टुंबुका गावात, लोकांना विचारले की, दुसऱ्या जमातीत तुम्ही सोयरीक कराल का, त्या जमातीच्या उमेदवाराला मत द्याल का. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मालावीतील निम्म्याहून अधिक लोकांनी नकार दिला, तर पावसाळी पायवाटेने जाता येईल इतक्या जवळच्या झांबियातील गावांनी त्यात फारसे वावगे मानले नाही. दोन्ही देशांतील लोकांना जमातींमधील फरक मात्र सारखेच तोंडपाठ होते. लग्नात मुलीच्या घरी टुंबुकांना गुरे द्यावी लागतात आणि चेवांचे काम कोंबडीवर भागते, हे सीमेच्या दोन्ही अंगांना तितक्याच खात्रीने सांगितले गेले.

भाषा, चालीरीती, नाच, लग्नाचे नियम हे सारे सारखेच असताना एका देशात वैर आणि दुसऱ्यात सलोखा कसा? पोस्नर यांचे उत्तर संख्येच्या राजकारणात आहे. झांबिया मोठा देश असून तेथे या दोन्ही जमाती इतक्या लहान आहेत की स्वतंत्रपणे त्यांना कोणी विचारत नाही, म्हणून ‘पूर्वेकडचे लोक’ या नावाखाली त्या एकत्र येतात आणि बेंबांसारख्या मोठ्या गटांशी स्पर्धा करतात. मालावीत मात्र प्रत्येक जमात स्वतःच्या बळावर सत्तेचा दावा करण्याइतकी मोठी आहे. मालावीचे पहिले राष्ट्राध्यक्ष हेस्टिंग्ज बांडा यांनी चेवांच्या भाषेला राष्ट्रभाषेचे स्थान दिले, टुंबुकांची भाषा मागे पडली आणि १९९४ च्या बहुपक्षीय निवडणुकीत मतांची विभागणी बरीचशी प्रदेशांच्या आणि जमातींच्या रेषांवरूनच झाली. सांस्कृतिक फरक हा वैराचा कच्चा माल आहे असे फार तर म्हणता येईल. त्याचे पुढे काय होते, हे त्या फरकातून ठरत नाही.

धर्म किंवा वंश वेगळे असलेले लोक शेजारी राहिले की आज ना उद्या ठिणगी पडणारच, ही समजूत आपल्याकडे सुशिक्षितांतही घट्ट बसलेली आहे. आकडे तिला दुजोरा देत नाहीत. जेम्स फिअरन आणि डेव्हिड लेटिन यांनी स्वातंत्र्योत्तर आफ्रिकेतील शेजारी वांशिक गटांच्या जोड्या मोजल्या, तेव्हा ज्या जोड्यांमध्ये हिंसा होऊ शकली असती त्यांपैकी हजारात एकीतही ती प्रत्यक्षात झाली नव्हती. याच दोघांनी २००३ साली जगभरातील यादवी युद्धांचा अभ्यास केला. देशाची गरिबी, दुबळे शासन आणि बंडखोरांना आसरा देणारा डोंगराळ मुलूख यांचा युद्धाशी स्पष्ट संबंध दिसला, मात्र गरिबीची पातळी विचारात घेतल्यावर निव्वळ वांशिक वा धार्मिक विविधतेचा दिसला नाही. वर्तमानपत्रात बातमी दंगलीची येते. अमुक गावात आज दंगल झाली नाही, ही बातमी होत नाही आणि आपले अनुमान या गाळलेल्या बातम्यांवाचून बांधले जाते.

भारतापुरते पाहायचे तर राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांचे काम टाळून पुढे जाता येत नाही. त्यांनी स्टीव्हन विल्किन्सन यांच्यासह १९५० ते १९९५ या काळातील हिंदू-मुस्लिम दंगलींची नोंद वर्तमानपत्रांवरून तयार केली. त्यात एकूण बळींपैकी खेड्यांचा वाटा चार टक्क्यांहूनही कमी निघाला. शहरांतही सगळी शहरे सारखी नव्हती. मुंबई, अहमदाबाद, अलिगड, हैदराबाद, मेरठ, बडोदा, कोलकाता आणि दिल्ली या आठ शहरांत देशाच्या नागरी लोकसंख्येपैकी सुमारे १८ टक्के लोक राहत होते, पण दंगलींतील सुमारे ४६ टक्के मृत्यू तेथे झाले होते. ‘भारतात दंगली होतात’ हे विधान म्हणूनच फार ढोबळ आहे. त्या ठरावीक शहरांत, पुन्हापुन्हा होतात.

वार्ष्णेय यांनी मग शहरांच्या जोड्या लावल्या. त्यांतील सर्वांत बोलकी जोडी उत्तर प्रदेशातील अलिगड आणि केरळमधील कोळिकोड (कालिकत) यांची. दोन्हीकडे मुस्लिमांचे प्रमाण ३५ ते ४० टक्क्यांच्या दरम्यान, पण अलिगड दंगलींसाठी कुप्रसिद्ध आणि कोळिकोड शांत. पाहणीत कोळिकोडमधील सुमारे ९० टक्के कुटुंबांनी सांगितले की, त्यांची मुले दुसऱ्या धर्माच्या मुलांबरोबर खेळतात, तर अलिगडमध्ये असे सांगणारे ४२ टक्के होते. तथापि वार्ष्णेय यांचा भर या शेजारधर्मावर नाही, आणि त्यांच्या मांडणीतला महत्त्वाचा भाग मला हाच वाटतो. एकमेकांकडे जाणेयेणे, सणाला फराळ देणे खेड्यात पुरते, कारण तेथे सगळे सगळ्यांना ओळखतात. लाखो वस्तीच्या शहरात ते संकटाच्या घडीला टिकत नाही. तेथे टिकतात त्या व्यापारी मंडळे, कामगार संघटना, वाचनालये, रिक्षाचालकांच्या संघटना यांसारख्या मिश्र संस्था, कारण दंगल झाली तर त्यांच्या सभासदांचे रोजचे नुकसान होते आणि ती थांबवण्यासाठी निरोप पोहोचवायची साखळी त्यांच्याजवळ आधीच तयार असते.

ही साखळी नेमके काय करते, ते अफवांच्या बाबतीत दिसते. डिसेंबर १९९० मध्ये अलिगड मुस्लिम विद्यापीठाच्या रुग्णालयात हिंदू रुग्णांना ठार मारले जात आहे, अशी अफवा पसरली. काही हिंदी वृत्तपत्रांनी ती खरी बातमी म्हणून छापली. बातमी खोटी होती, पुढे प्रेस कौन्सिलने त्याबद्दल ताशेरेही ओढले, परंतु तोवर माणसे मेली होती. रुग्णालयात जाऊन शहानिशा करील आणि परत येऊन सांगितल्यावर दोन्ही बाजू जिच्यावर विश्वास ठेवतील, अशी संस्था त्या शहरात नव्हती. कोळिकोडमध्ये तणावाच्या दिवसांत शांतता समित्यांनी आणि स्थानिक वृत्तपत्रांनी नेमके हे काम केले.

यावर एक सरळ आक्षेप घेता येतो. मिश्र संस्थांमुळे शहर शांत राहते, की शहर शांत असते म्हणून अशा संस्था वाढतात? नुसत्या निरीक्षणाने हे सुटत नाही, त्यासाठी प्रयोग लागतो. मॅट लो यांनी उत्तर प्रदेशात क्रिकेटच्या स्पर्धा भरवून वेगवेगळ्या जातींच्या तरुणांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे संघांत विभागले. जे एका संघातून खेळले त्यांच्यात दुसऱ्या जातीतील मैत्री वाढली. जे केवळ प्रतिस्पर्धी म्हणून समोर आले त्यांच्यात तसे झाले नाही, काही बाबतींत उलटच परिणाम झाला. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये म्हटलेच होते की, संपर्क उपयोगी पडायचा तर दर्जा समान हवा आणि उद्दिष्ट सामायिक हवे. इराकमध्ये सल्मा मूसा यांनी आयसिसच्या हल्ल्यांमुळे विस्थापित झालेल्या ख्रिस्ती तरुणांच्या फुटबॉल संघांपैकी काहींत मुस्लिम खेळाडू घातले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मिश्र संघातील ख्रिस्ती खेळाडू सहा महिन्यांनंतरही मुस्लिमांबरोबर सराव करताना आढळले. पण मैदानाबाहेर, म्हणजे मुस्लिमबहुल मोसूलमधील उपाहारगृहात जेवायला जाण्याच्या बाबतीत, त्यांच्यात आणि इतर खेळाडूंत खात्रीने सांगावा असा फरक नव्हता. ओळखीच्या माणसांबद्दलचा विश्वास अनोळखी समाजापर्यंत आपोआप पोहोचत नाही, हे यातून निघते. सहभोजनांवर आणि एकतेच्या घोषणांवर भिस्त ठेवणाऱ्यांनी हा निष्कर्ष सावकाश वाचावा.

मग धंद्यातील परस्परावलंबनाचे काय? सौमित्र झा यांनी दाखवले आहे की, मध्ययुगात सागरी व्यापाराची बंदरे असलेल्या भारतीय गावांत १८५० ते १९५० या काळात हिंदू-मुस्लिम दंगली इतर गावांपेक्षा बऱ्याच कमी झाल्या. हजच्या वाटेने चालणारा समुद्रव्यापार मुस्लिम व्यापाऱ्यांच्या हाती होता, तो हिसकावून घेणे शक्य नव्हते आणि त्याच्यावाचून भागतही नव्हते. असे असले तरी परस्परावलंबन एकटे पुरत नाही, याचे उदाहरण आपल्या घराजवळच आहे. भिवंडीत व्यापारी सूत देतो आणि यंत्रमागवाला मजुरीवर ग्रे, म्हणजे रंगवण्यापूर्वीचे कोरे कापड विणून देतो. व्यापारी बहुधा गुजराती किंवा मारवाडी, विणणारे उत्तर प्रदेशातून आलेले अन्सारी आणि तेलंगणातून आलेले पद्मशाली. एकाचे चाक थांबले की दुसऱ्याचेही थांबते. तरीही १९७० आणि १९८४ च्या मे महिन्यांत भिवंडी जळली. १९७० ची दंगल तर शिवजयंतीच्या मिरवणुकीतून उसळली.

१९८८ मध्ये सुरेश खोपडे भिवंडीत पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी शहरात सुमारे ७० मोहल्ला समित्या उभ्या केल्या. नेहमीच्या पुढाऱ्यांऐवजी वस्तीतील साधी हिंदू आणि मुस्लिम माणसे समसमान घ्यायची, पोलीस अधिकाऱ्यासह नियमित बैठक घ्यायची आणि धर्मावर प्रवचने न करता वस्तीतल्या रोजच्या तक्रारी व कुरबुरी निस्तरायच्या, अशी ती रचना होती. साहजिकच गल्लीतला माणूस चौकीतल्या शिपायाला नावाने ओळखू लागला आणि शिपाई त्याला. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत ९०० माणसे मारली गेली, तेव्हा तासाभराच्या अंतरावरची भिवंडी शांत राहिली. कोळिकोडमध्ये जे अनेक दशकांत घडले होते, ते येथे चार-पाच वर्षांत मुद्दाम घडवले गेले. अर्थात अशी रचना कायमची लाभत नाही. जुलै २००६ मध्ये याच शहरात पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून जमाव आणि पोलीस समोरासमोर आले. पोलीस गोळीबारात दोघे मरण पावले आणि जमावाने दोन पोलीस शिपायांना ठार मारले.

वार्ष्णेय यांच्याबरोबर दंगलींची नोंद करणाऱ्या विल्किन्सन यांनी पुढे वेगळी वाट धरली. त्यांच्या मते दंगल सुरू होण्यामागे स्थानिक हिशेब असतात, परंतु ती चालू राहील की काही तासांत आटोपेल हे राज्य सरकार ठरवते, कारण पोलीस त्याच्या हाती असतात. ज्या सरकारला अल्पसंख्याकांच्या मतांची गरज असते, ते पोलिसांना कडक आदेश देते. अनेक पक्षांत चुरस असलेल्या राज्यांत अशी गरज अधिक वेळा पडते आणि तेथे दंगली कमी होतात, असे त्यांची आकडेवारी दाखवते. केरळच्या उदाहरणावरून या दोन सिद्धांतांत निवड करता येत नाही, कारण तेथे मिश्र संस्थाही आहेत आणि मुस्लिम लीगला सोबत घेणारे आघाडीचे राजकारणही आहे. या वादात भिवंडीचे मोल मोठे आहे ते यामुळेच. १९९२ च्या डिसेंबरात मुंबई आणि भिवंडी या दोन्ही ठिकाणी सरकार एकच होते, पोलीस त्याच राज्याचे होते आणि चिथावणीही तीच होती. फरक होता तो वस्तीच्या पातळीवरच्या रचनेत.