हायड्रोजेल (ऊतक अभियांत्रिकीतील)

जलस्नेही बहुवारिकांच्या (पॉलिमरच्या) साखळ्या आडव्या बंधांनी जोडल्या जाऊन झालेले, पाण्यात फुगणारे पण न विरघळणारे जाळे. यातील पुष्कळ जेलांच्या वजनात पाण्याचा वाटा 90 टक्क्यांहून अधिक असतो. पोषकद्रव्ये त्यातून सहज झिरपतात, म्हणून ऊतक अभियांत्रिकीत (पेशींपासून शरीराचे ऊतक घडविण्याच्या शास्त्रात) पेशींना त्रिमितीय आधार देण्यासाठी ती वापरतात.

वैद्यकीय हायड्रोजेलचा आरंभ सामान्यतः प्राग येथील ओटो विख्टर्ले व द्राहोस्लाव्ह लीम यांच्या 1960 मधील निबंधापासून धरतात. तत्पूर्वी, 1958 मध्ये, जपानमध्ये दान्नो यांनी पॉलिव्हिनिल अल्कोहॉलच्या विद्रावावर कोबाल्ट-60 चे गॅमा किरण सोडून जेल मिळविले होते. त्यामुळे केवळ पदार्थाचा विचार केल्यास अग्रक्रम त्यांना देता येतो. मात्र शरीरात वापरण्याच्या हेतूने रचलेले जेल प्रागचे, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. त्याचीच मऊ कॉन्टॅक्ट लेन्स झाली (पाणी सुमारे 38 टक्के) आणि 1971 मध्ये तिला अमेरिकेत मान्यता मिळाली. जिवंत पेशी जेलात कोंडण्याचे श्रेय मुख्यत्वे फ्रँकलिन लिम व सन यांच्या 1980 मधील प्रयोगांना देतात. त्यांनी स्वादुपिंडाची बेटे (इन्शुलिन स्रवणाऱ्या पेशींचे पुंजके) अल्जिनेट या बहुवारिकाच्या सूक्ष्म कुप्यांत ठेवली. नामसाम्यामुळे प्रागचे लीम व हे लिम यांची गल्लत होऊ शकते.

अल्जिनेट तपकिरी शैवलांपासून मिळते. त्याच्या साखळीतील ग्युलुरॉनिक अम्लाचे पट्टे कॅल्शियमला धरतात. 1973 मधील ‘अंड्यांचा ट्रे’ या प्रतिकृतीनुसार दोन साखळ्यांमधील खळग्यांत कॅल्शियम आयन बसतात. साखळ्यांच्या नेमक्या मांडणीबद्दल पुढे शंका घेतल्या गेल्या, तरी प्रतिकृतीचा गाभा टिकून आहे. ग्युलुरॉनिक अंश जास्त असल्यास जेल ताठ व ठिसूळ होते, साखळीतील दुसरे, मॅन्युरॉनिक अम्ल जास्त असल्यास मऊ.

पेशी मिसळलेला 1 ते 2 टक्के सोडियम अल्जिनेटचा विद्राव सुईतून 100 मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइडमध्ये थेंबाथेंबाने सोडून 5 ते 10 मिनिटे ठेवतात. थेंबाचे कवच आधी घट्ट होते व आतील भाग मागे राहतो. एकसारखे जेल हवे असल्यास कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण व ग्लुकोनो-डेल्टा-लॅक्टोन 1:2 या रेणुप्रमाणात मिसळतात; लॅक्टोनमधून सावकाश अम्ल तयार होते आणि कॅल्शियम सर्वत्र एकाच वेळी सुटतो. निर्जंतुक करण्यासाठी विद्राव ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालील वाफेच्या पात्रात) तापविल्यास साखळ्या तुटून तो पातळ होतो, म्हणून 0.22 मायक्रॉनच्या गाळणीतून गाळतात. तयार जेल धुण्यास फॉस्फेट बफर वापरू नये; फॉस्फेट कॅल्शियम ओढून घेतो व थेंबांपासून झालेले जेलाचे मणी फुगून विरघळू लागतात. (पेशी परत काढायच्या असल्यास सायट्रेटने जेल मुद्दाम विरघळवितात.) सस्तन प्राण्यांत अल्जिनेट तोडणारे विकर (एन्झाइम) नसल्याने शरीरात त्याचे विघटन अनिश्चित असते. पेशी त्याला चिकटतही नाहीत. त्यासाठी आरजीडी हा, पेशींना पकड देणारा तीन अमिनो अम्लांचा पेप्टाइड साखळीला जोडावा लागतो.

कोलॅजेन या प्राण्यांच्या ऊतकांतील प्रथिनाला पेशी न चिकटण्याची ही अडचण नाही. त्याचा अम्लीय विद्राव बर्फावर ठेवून पीएच 7.2 ते 7.4 वर आणतात, शेवटी पेशी मिसळून 37 अंश से. तापमानाला अर्धा-पाऊण तास ठेवतात. जेल होण्यास उशीर लागल्यास पेशी तळाशी बसतात; पीएच कमी राहिल्यास ते नीट घट्ट होत नाही. मोकळ्या ठेवलेल्या जेलाला तंतुजनक पेशी (फायब्रोब्लास्ट) आकुंचित करतात. हे आकुंचन 1979 मध्ये बेल व सहकाऱ्यांनी नोंदविले. त्याच धर्तीवर बनविलेला अ‍ॅप्लिग्राफ हा त्वचा-पर्याय 1998 पासून शिरांच्या विकाराने पायावर होणाऱ्या जखमांसाठी अमेरिकेत मान्य आहे.

जेलाचा ताठपणाही पेशींचे भवितव्य ठरवितो. 2006 मध्ये एंग्लर व सहकाऱ्यांना पॉलिअ‍ॅक्रिलमाइड जेलावरील मध्योतक मूलपेशी (मेसेन्कायमल स्टेम सेल) 0.1 ते 1 किलोपास्कल (ताठपणाचे एकक) इतक्या ताठपणाला चेतापेशींकडे, 8 ते 17 ला स्नायूंकडे व 25 ते 40 ला अस्थींकडे झुकताना दिसल्या. मात्र हे द्विमितीय पृष्ठावरचे निरीक्षण आहे. जेलात कोंडलेल्या पेशींना ते जसेच्या तसे लावता येत नाही. जाड जेलात केशवाहिन्या नसल्यास पृष्ठभागापासून सुमारे 200 मायक्रॉनपलीकडील पेशींना ऑक्सिजन कमी पडतो.