बीने, आल्फ्रेद

(८ जुलै १८५७ – १८ ऑक्टोबर १९११). फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आणि बुद्धिमापन कसोट्यांचा आद्य प्रवर्तक. जन्म नीस येथे; हे शहर तेव्हा सार्डिनियाच्या राज्यात होते. काही संदर्भग्रंथांत जन्मतारीख ११ जुलै अशी आढळते. येथे अधिक प्रचलित तारीख घेतली आहे.

१८७८ मध्ये त्याने कायद्याची पदवी घेतली, पण वकिली केली नाही. मानसशास्त्र तो पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात बसून स्वतःच शिकला. पुढे पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात मज्जाविकारतज्ज्ञ शार्कोच्या हाताखाली त्याने संमोहनावर काम केले. लोहचुंबक फिरवून संमोहित रुग्णाचा लकवा एका बाजूकडून दुसरीकडे नेता येतो, असे त्याने व त्याचा सहकारी डॉक्टर फेरे याने प्रतिपादन केले. हा परिणाम चुंबकाचा नसून प्रयोगकर्त्याने रुग्णाला नकळत दिलेल्या सूचनेचा आहे, असे बेल्जियन अभ्यासक देलबफने दाखवले आणि बीनेला ते अखेर मान्य करावे लागले. परीक्षकाच्या तोंडून नकळत सूचना जाऊ नये म्हणून त्याने पुढे जी दक्षता घेतली, तिचे मूळ बहुधा या प्रसंगात असावे.

सॉर्बॉनच्या प्रयोगशाळेत तो १८९१ मध्ये रुजू झाला व पुढे तिचा संचालक झाला. मात्र त्याचे सर्वांत जिवंत निरीक्षण घरचे आहे. थोरली मुलगी मादलेन चालायला शिकताना खुर्ची घट्ट धरून उभी राही आणि पुढचा आधार हेरल्यावरच हात सोडी. धाकटी आलीस मात्र हसत हसत मोकळ्या खोलीच्या मधोमध डुलत जाई. एकाच घरातल्या दोन मुलींत हा फरक, मग बुद्धी एका साच्याची कशी मानायची, हा प्रश्न त्याच्या १९०३ च्या ग्रंथात ठळकपणे येतो. तेथे दोघींची नावे बदललेली आहेत.

कसोटीच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. शिक्षणखात्याने बीनेकडे कसोटी मागितली आणि त्याने ती करून दिली, असे जुने ग्रंथ सांगतात. १९०४ मध्ये लेओं बुर्जुआच्या अध्यक्षतेखाली शाळेत मागे पडणाऱ्या मुलांसाठी आयोग नेमला गेला व बीने त्याचा सदस्य होता, एवढे निश्चित. पण कसोटी रचणे हे बीने व तेओदोर सिमों या डॉक्टरचे स्वतःचे पाऊल होते, असे अलीकडील अभ्यासक मानतात. मुले मनोरुग्णालयात ठेवावीत की शाळेतल्या विशेष वर्गात, या वादात शाळेची बाजू धरण्यासाठी तिचा उपयोग होणार होता. हे मत अधिक पटण्यासारखे आहे. ब्लें व दामे या फ्रेंच डॉक्टरांच्या आधीच्या प्रश्नावलीचे ऋण बीनेने मान्य केले आहे.

१९०५ च्या मापिकेत, म्हणजे या कसोटीच्या पहिल्या आवृत्तीत, सोपीकडून अवघडकडे जाणाऱ्या ३० बाबी होत्या. पहिलीत पेटती काडी डोळ्यांसमोरून हळूहळू फिरवायची आणि मुलाची नजर तिच्यामागे जाते का ते पाहायचे. चौथीत चॉकलेटचा तुकडा व तेवढाच लाकडाचा तुकडा पुढे ठेवायचा आणि खाण्याजोगा कोणता हे मूल ओळखते का ते पाहायचे. शेवटच्या बाबींत अमूर्त शब्दांतला फरक सांगायचा असे. १९०८ च्या आवृत्तीत बाबी वयानुसार (३ ते १३ वर्षे) लावल्या गेल्या. ‘मानसिक वय’ (मूल ज्या वयाच्या बाबी सोडवू शकते ते वय) हा शब्द पुढे रूढ झाला. बीने स्वतः ‘मानसिक पातळी’ म्हणे. १९११ मध्ये तिसरी आवृत्ती निघाली आणि त्याच वर्षी पॅरिसला त्याचे निधन झाले.

बुद्धिगुणांकाची (मानसिक वय भागिले प्रत्यक्ष वय) कल्पना बीनेची नाही. ती १९१२ मध्ये जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्नने मांडली व १९१६ मध्ये अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ टर्मनने बीनेच्या कसोटीच्या सुधारित रूपात, स्टॅनफर्ड-बीने कसोटीत, वापरली. बुद्धी जन्मतःच ठरलेली असते, या मताला बीनेने १९०९ मध्ये ‘क्रूर निराशावाद’ म्हटले होते. मागे राहिलेल्या मुलांसाठी तो लक्ष व स्मरणाचे व्यायाम सुचवत असे. ही बाजू नंतरच्या वापरात झाकली गेली, हे नमूद करणे आवश्यक आहे.

भारतात व्ही. व्ही. कामत यांनी या कसोटीचे मराठी व कानडी रूपांतर प्रमाणित केले. १९४० मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ‘बीने-कामत कसोटी’ या नावाने ती ओळखली जाते.